मजुरीच्या रकान्यातलं शून्य

वैशाख लागला की आमच्या डोंगराचा आवाज बदलतो. एरवी तिथं वारा असतो, गुरांच्या गळ्यातल्या घंटा असतात, खाली धरणाच्या पाण्यापलीकडून कुणी कुणाला मारलेली हाक असते. वैशाखात या सगळ्यावर पहारीचा आवाज चढतो. दगड अजून धड असला तर तो टणक वाजतो, कानात घुसतो. आतून तडा गेला की तोच आवाज बसका होतो, आणि पहार मारणाऱ्याला न बघता कळतं की आता हा सुटणार. हा आवाज ऐकत मी मोठी झाले. परवा घोडेगावहून वर जाणाऱ्या एसटीतून उतरले तेव्हा तो ऐकू आला. दरवर्षी बरं वाटतं. यंदा वाटलं नाही. कारण त्याच्या थोडं आधी, धरणाच्या वळणावर, जिथं मोबाईलची रेंज शेवटची सापडते तिथं मला एक ईमेल आला होता, आणि माझं डोकं सणकलं होतं.

ईमेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून होता. विषय, संशोधनासाठी लागणारी डेटा कौशल्ये आणि साधने. यंदा हे प्रशिक्षण पुण्यातच न ठेवता तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत न्यायचं ठरलंय. घोडेगावच्या आमच्या कॉलेजातला दिवस मी घ्यावा, कारण मी त्याच ग्रंथालयात शिकून गेलेली आहे. वेळ दहा ते पाच. मानधनाची तरतूद नाही, सहकार्य अपेक्षित. इथवर ठीक होतं. मी कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, आणि सुट्टीत तास नसतात. ‘सहकार्य’ या शब्दाची मला सवय आहे. ईमेलला सरावाची फाइल जोडली होती. तिचं नाव ‘अशुद्ध नमुना’. कुणाच्या तरी कोंबड्यांची पाटी चढवायला एसटी थांबली होती, तेवढ्यात मी ती उघडली.

वरच्या काही ओळी बघितल्या आणि पुढची काय असेल ते मला न वाचता कळलं. ओळी माझ्या होत्या. मी दारोदार फिरून लिहून आणलेल्या. नावांच्या जागी सांकेतिक क्रमांक होते, तेही मीच दिलेले. पण नाव झाकलं म्हणून माणूस झाकला जात नाही. घरात हात किती, रानाला उतार किती, कुठल्या महिन्यात कुणाच्या बांधावर किती जण गेले, एवढ्यावरून मला एकेक दार दिसत होतं. हे आमचं. हे बाळूदादाचं. हे हौसामावशीचं. आणि सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं: ‘पायरी तीन. मजुरी शून्य असलेल्या ओळी शोधा. या चुकीच्या नोंदी आहेत. काढून टाका.’

हे शून्य काय आहे ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. आमच्याकडं जमीन सपाट नसते, ती सपाट करावी लागते. उतार खणायचा, दगड फोडायचा, त्याच दगडाची खालच्या अंगाला ताल, म्हणजे बांध, रचायची, मागं माती ओढून भरायची. मग कुठं भाताचं एक खाचर होतं. हे एका घराच्या हातून होत नाही. म्हणून सुगी संपली की गावातली माणसं टोळी करतात. आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या. ज्याचं त्याचं हत्यार, पहार, टिकाव, फावडं, पाटी. ज्याचं काम त्याच्या घरचं जेवण. पैसा नाही. आज मी तुझ्याकडं आले, उद्या तू माझ्याकडं येशील. याला आम्ही पडकई म्हणतो. आमच्या डोंगरातलं जे खाचर म्हणून तुम्हाला पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, ज्याचे फोटो काढायला पुण्याच्या गाड्या येतात, ते असं झालेलं आहे.

लहानपणी पडकईतलं काम म्हणजे पाटीभर माती डोक्यावर घेऊन चालायचं. चुंबळ नीट बसली नाही की माती गळ्यातून अंगात शिरायची आणि दिवसभर घामात चिकटून राहायची. दुपारी करवंदीच्या जाळीखाली पंगत बसायची. नाचणीची भाकरी हातावर, त्यावर कालवण. कालवणात सुका बोंबील असला तर बाळूदादा मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, आज मालकीण लई खूश दिसती. मालकीण म्हणजे त्या दिवशी जिचं रान असेल ती. रोज मालकीण बदलायची. माझी आई आज मजूर, उद्या मालकीण. असला कारभार अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात मला पुढं सापडला नाही. बरं, हे काही गुपित नाही. घोडेगावातले हत्यारांचे दुकानदार शेठ, त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्याहून अस्सल इथली बोली बोलतात. पहारी आणि टिकावाचे दांडे खपायला लागले की ते गल्ल्यावरून विचारतात, काय पावणं, वर पडकई लागली वाटतं. दुकानदाराला खाली बसून कळतं.

त्याच बायका पौषात जुन्नर तालुक्यात खाली उतरतात. बोरी बुद्रुकला पाणी आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जातात, खुरपतात, कांदा लावतात, संध्याकाळी मजुरी घेतात. मालक वाईट नाहीत, कुणी चहाही देतं. मीही गेलेय कॉलेजात असताना. ते काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही, पण पहारीपुढं सोपंच. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, मला सांगायला आवडतं. जुन्नरला बारावी, घोडेगावला बीए, पुण्याला एमए, मग पीएचडी. आईला पीएचडी म्हणजे काय ते सांगायला मला अवघड गेलं. शेवटी मी म्हणाले, आपल्याकडची माणसं काय काय काम करतात ते मी लिहिणार. ती म्हणाली, त्यात लिव्हायचं काय, सगळ्यांना दिसतंय की. मी डोंगरातल्या आणि खालच्या गावांतल्या घरांची पाहणी केली. कोण, कुठं, किती दिवस, कसलं काम, काय मजुरी. बोरीच्या कांद्याचे दिवस त्यात होते. पडकईचे दिवसही होते. पडकईपुढं मजुरीच्या रकान्यात मी शून्य लिहिलं, कारण मजुरी शून्यच होती. माहीत नाही असं नाही. विचारायचं राहिलं असंही नाही. विचारलं होतं, आणि उत्तर शून्य होतं.

आणि मग तो वैशाख. प्रबंध द्यायच्या आधी प्रत्येकानं आपला डेटा ग्रंथालयाच्या भांडारात जमा करायचा, असा नियम नवीनच आला होता. त्यासाठी ग्रंथालयात प्रशिक्षण ठेवलं होतं. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं, आणि आत एसी इतका की मुली ओढण्या गुंडाळून बसलेल्या. नव्या फर्निचरचा वास. टेबलावर फोल्डर, पेन, पाण्याची छोटी बाटली, गळ्यात अडकवायला नावाची पट्टी. चहाबरोबर क्रीमची बिस्किटं. आदल्याच दिवशी मी गावाहून आले होते, नखांत लाल माती होती, ती काही केल्या निघत नव्हती. मी हात टेबलाखाली ठेवले होते. मग म्हटलं का ठेवू, आणि वर घेतले.

खोटं बोलणार नाही, तिथं मी खूप शिकले. एकाच गावाची वेगवेगळी लिहिलेली नावं एका फटक्यात एक कशी करायची, फाइलींना नावं कशी द्यायची, जुनी प्रत कशी सांभाळायची, लोकांची ओळख कशी झाकायची. प्रत्येक डेटाबरोबर एक ‘वाचा मला’ फाइल द्यायची असते, तिच्यात रकान्यांचा अर्थ लिहायचा, म्हणजे आपण मेल्यावरही दुसऱ्याला डेटा वाचता येईल. हे ऐकलं तेव्हा मला ते ट्रेनर सर एकदम आवडले. तरुण होते, बोलणं हसतमुख. मला साधनांचा राग नाही. जी माणसं कॉम्प्युटरला नावं ठेवतात त्यांच्यातली मी नाही. माझ्या हातात पहार दिली तरी मला चालवता येते आणि ते सॉफ्टवेअर दिलं तरी येतं. साधन कुणाच्या हातात आहे आणि त्याला काय दिसतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुपारनंतर सर म्हणाले, आता तुमच्यापैकी एखादी खरी फाइल घेऊ. सगळ्यांनी पाठवलेल्या फाइलींत माझी वर होती. पडद्यावर माझं गाव आलं. भिंतभर. मला आधी ऊर भरून आल्यासारखं झालं, खरं सांगते. सरांनी मजुरीचा रकाना चढत्या क्रमानं लावला. वर शून्यच शून्य. ते हसले. वर्गही हसला. सर म्हणाले, बघा, हे क्लासिक उदाहरण आहे. काम पूर्ण दिवस, कामाचा प्रकार दगड फोडणे, मजुरी शून्य. हे लॉजिकली शक्य नाही. म्हणजे सर्वे करणाऱ्यानं घोळ घातलाय. मागून कुणीतरी म्हणालं, फुकट दगड फोडायला जेलमध्ये आहेत का. परत हशा. सरांनी फिल्टर लावला, ओळी निवडल्या आणि काढून टाकल्या.

ते मला अजून दिसतं. पडदा एकदा लुकलुकला. कोपऱ्यातला ओळींचा आकडा झर्रकन खाली आला. आमची डोंगरातली गावं उन्हाळ्यापुरती रिकामी झाली. राहिल्या त्या बोरीच्या ओळी. म्हणजे माझी आई होती, पण फक्त कांद्याच्या वाफ्यात. दुसऱ्याच्या रानात वाकली की ती आकड्यात येत होती. स्वतःच्या उतारावर, स्वतःच्या माणसांबरोबर पहार उचलली की गायब. हौसामावशीचं तर नावच संपलं. तिचा नवरा गेलेला, मूल नाही, तब्येत तोळामासा, ती बोरीला जात नव्हती. तिची एकच ओळ होती. तिच्या उतारावर सगळं गाव आलं होतं आणि तिच्या घरून बदल्यात जाणारी ती एकटी. शून्य काढायच्या आधी सरांनी त्या ओळीवर माउस थांबवून सांगितलं होतं, हा तर आउटलायर आहे, बाकीच्यांत न बसणारा आकडा.

मी उभी राहिले. म्हणाले, सर, घोळ नाहीये. हा सर्वे मी केलाय. ही पडकई आहे, यात पैसे देत नाहीत, दिवस देतात. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याचा मला जास्त राग आला. ते म्हणाले, मॅडम, मजुरीच्या रकान्यात रुपये येतात, दिवस येत नाहीत. मग तो रिकामा ठेवा, माहिती नाही असं समजू. मी म्हणाले, माहिती आहे. ते म्हणाले, भावना बाजूला ठेवायला शिकावं लागतं, डेटा हा शेवटी डेटा असतो.

“सर,” मी म्हणाले, “तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?”

“आई.”

“मजुरी?”

वर्ग हसला, पण या वेळी वेगळा हसला. सर लाल झाले. मी जिंकले असं तुम्हाला वाटेल. नाही. ते म्हणाले, चहाची वेळ झाली.

चहाच्या वेळी ग्रंथपाल बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या मायाळू होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी सांगितलं की जमा करायच्या यंत्रणेतच तशी अट टाकलेली आहे. काम आहे आणि मजुरी शून्य, अशी ओळ आली की फाइल परत येते. रिकामी ठेव, नाहीतर काढ. सूट द्यायची तर समिती लागते, तिची पुढची बैठक कधी होईल सांगता येत नाही, तोवर तुझी टर्म जाईल. टर्म गेली की फेलोशिपची मुदत संपत होती, हॉस्टेलची खोली जात होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, अगं, तुझ्या प्रबंधात लिही की पडकईबद्दल, तिथं कोण अडवतंय. त्यांना कळत नव्हतं की प्रबंध कपाटात जातो. फिरत राहते ती फाइल. पुढचे लोक तिच्यावरून तक्ते काढतात, तक्त्यांवरून कुणीतरी ठरवतं की डोंगरातली माणसं उन्हाळ्यात बसून असतात, आणि बसून असलेल्यांना काय द्यायचं आणि काय नाही तेही तिथंच ठरतं.

मी दुसऱ्या दिवशी गावाला गेले. पडकई नेमकी हौसामावशीच्याच उतारावर होती. आदल्या वर्षी खाचर निम्मं झालं होतं, ते पुरं करायचं होतं. पिशवी टाकली, पाटी घेतली. पाट्या वाहता वाहता आईला सगळं सांगितलं. बाळूदादा ऐकत होता. तो म्हणाला, लिहून टाक गं, मजुरी म्हणून कालवणात एक बोंबील जास्त. सगळे हसले. मावशी चुलीपासून ओरडली, बोंबील मोजून टाकलेत, जास्तीचा कुणाला न्हाई. मला हसायला आलं नाही. मी म्हणाले, तुम्हाला काढून टाकतायत आणि तुम्ही हसताय.

आईनं पाटी खाली ठेवली. पदरानं तोंड पुसलं.

“मग टाक की काढून,” ती म्हणाली. “आमी त्यात असलो काय नि नसलो काय. खाचर तर हाय ना जागेवर. तुझं कागद होऊ दे, पोरी.”

“खाचर कुणी केलं ते नको का लिहायला?”

“आमाला ठावं हाय ते. पुण्याला कशाला पायजे?”

सरांवर चिडले नव्हते एवढी मी आईवर चिडले. माती पाटीतून सांडून तिथंच बसले. सर परके होते, त्यांना दिसलं नाही. हिनं तर आयुष्यभर ती पहार उचलली होती, आणि माझ्या एका कागदासाठी ती स्वतःला पुसायला तयार होती, इतक्या सहज, जसं मला बसमध्ये जागा मिळावी म्हणून उभी राहायची तसं. आमच्यासारख्या घरातली पोरं शिकतात ती अशी. कुणीतरी बाजूला सरकतं तेव्हा. आणि मग शिकलेल्या पोरांना शिकवलं जातं की जे सरकले ते नव्हतेच. मग उठले आणि पाटी परत भरली. संध्याकाळपर्यंत नुसती माती वाहिली. ताल उभी राहत होती, दगडावर दगड, चुना नाही, सिमेंट नाही. बाळूदादा प्रत्येक दगड हातात फिरवून त्याचं तोंड कुठं बसतंय ते बघत होता. नको असलेला दगड त्यानं एकही फेकला नाही. जो तालीत बसेना तो मागं भरावाला गेला. सगळ्यांना जागा सापडत होती.

मी ओळी काढल्या नाहीत. रिकाम्याही ठेवल्या नाहीत. फाइल तीनदा परत आली, तीनदा तशीच पाठवली. टर्म गेली. फेलोशिप संपली. हॉस्टेलमधली गादी आणि पुस्तकं एसटीच्या टपावर टाकून मी घोडेगावला आले, आणि आईला सांगितलं की कागद लांबलाय. पुढं समिती बसली, गाईड बाई माझ्या बाजूनं भांडल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या फाइलपुरती अट शिथिल केली. पुढं मला पदवी मिळाली. अट बदलली नाही बरं का. फक्त मला सूट दिली, जशी उशिरा आलेल्या पोराला मास्तर आत घेतो. मी ‘वाचा मला’ फाइलमध्ये पडकई काय असते, शून्य का आहे, ते पानं भरून लिहिलं. आणि डेटा सगळ्यांना खुला ठेवला. माझाच हट्ट होता तो. कुणीही घ्यावा, बघावा.

घेतला. बघा कसा घेतला. डेटा उचलला आणि ‘वाचा मला’ तिथंच ठेवली. जे सर ती फाइल जपायला शिकवत होते, त्यांच्याच ग्रंथालयानं. आणि नाव दिलं ‘अशुद्ध नमुना’. अशुद्ध. हा शब्द आमच्या पाण्याला लावून झाला, आमच्या बोलीला लावून झाला, आता आमच्या घामाला. तोच दिवस शिकवायला मला बोलावलं, आमच्याच पोरांपुढं, आमचीच घरं मला माझ्या हातानं काढायला लावायला. आणि तेही मानधनाशिवाय. पडकईत आज मी तुझ्याकडं आले की उद्या तू माझ्याकडं येतोस. विद्यापीठाच्या उतारावर आम्ही किती वर्षं माती वाहतोय. ते आमच्याकडं कधी येणार आहेत?

‘नाही’ म्हणून कळवावं असं मनात आलं होतं. मग विचार केला, मी तो दिवस नाही घेतला तर दुसरं कुणीतरी घेईल आणि पायरी तीन करून दाखवेल. म्हणून घेतला.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पंखा होता, पण तो गरम वारा खाली ढकलत होता. निम्मी पोरं वरच्या गावांतली, निम्मी खालची. मी फाइल सगळ्यांच्या पडद्यावर टाकली. कुणाची आहे ते सांगितलं नाही. पायऱ्यांचा कागद वाटला नाही. एवढंच म्हणाले, यात चुका असतील तर शोधा. पोरं वाकली. गावाची नावं दोन-तीन प्रकारे लिहिलेली सापडली, एका ठिकाणी वय चुकलेलं सापडलं. मी मजुरीचा रकाना चढत्या क्रमानं लावायला सांगितला. वर शून्यच शून्य आली. मी थांबले. हसलं असतं कुणी, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

कुणी हसलं नाही. खालच्या गावचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, पैसे द्यायचे राहिलेत का यांचे? वरच्या गावाच्या पोरीनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मान परत पडद्यात घातली. तिच्या तळहाताला घट्टे होते. ती आदल्या दिवशी कुठं होती ते मला विचारायची गरज नव्हती.

“चूक घावली, मॅडम,” ती म्हणाली. “ह्यात जेवणाचा रकानाच न्हाई. ज्याची पडकई त्याच्या घरचं जेवान असतं. ते कुठं लिव्हायचं?”

“मिठाचाबी रकाना कर एक,” मागून कुणीतरी म्हणालं.

“तुझ्या घरी लागंल. आमच्यात मीठ बरूबर असतं.”

लॅब हसली. मीही हसले. किती वर्षांनी त्या ओळींपुढं हसले. मग फळ्यावर गेले आणि पडकई हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला. खालच्या पोरांना ती काय असते ते वरच्या पोरांनी सांगितलं, आणि तास कुठं गेला कळलं नाही. दुपारी पोरींनी डबे उघडले तेव्हा मला त्यांनी मध्ये बसवलं.

पाच वाजता लॅब रिकामी झाल्यावर मी ती फाइल परत उघडली. मजुरीच्या शेजारी जेवणाचा रकाना घातला आणि प्रत्येक पडकईच्या ओळीपुढं ‘मालकिणीच्या घरचं’ असं लिहिलं. हौसामावशीच्या ओळीपुढं बोंबील लिहिला. ‘वाचा मला’ फाइल परत जोडली. नाव बदललं, ‘पडकई’ केलं. सूचनेतली पायरी तीन पुसली. आणि शेवटी, सगळ्या गावाच्या खाली, आजची एक ओळ घातली. काम, डेटा शिकवणे. वेळ, पूर्ण दिवस. मजुरी, शून्य. जेवण, पोरींच्या डब्यातली नाचणीची भाकरी.

विद्यापीठाला पाठवून दिली. आता काढा म्हणावं.